पेल्टन, टर्गो, क्रॉसफ्लो की उलटा चालवलेला पंप: घरच्या ओढ्यावर कोणतं टर्बाइन बसवावं?

घराजवळ बारमाही ओढा आहे, उतार आहे आणि स्वतःची वीज करायची आहे. इथवर आलेला माणूस बहुधा आधी टर्बाइनची किंमत विचारतो. माझं म्हणणं, किंमत आणि कार्यक्षमतेचे आकडे नंतर बघा. कोरड्या दिवसांत पाणी किती उरतं आणि ते किती उंचीवरून पडतं, हे आधी मोजा. घरगुती टर्बाइनची निवड या दोन आकड्यांवर होते, आणि फसते तीही इथेच.

मोजणं अवघड नाही. ओढ्याचं पाणी एका धारेत आणा आणि खाली बादली धरा. 20 लिटरची बादली 10 सेकंदांत भरली तर प्रवाह सेकंदाला 2 लिटर. पाइप भरून खालच्या टोकाला प्रेशर गेज लावला की 1 बारला साधारण 10 मीटर उंची धरायची. लिटर गुणिले मीटर गुणिले 5 केलं की पाइप, टर्बाइन आणि जनरेटर यांतलं नुकसान जाऊन हाती येणारे वॅट ढोबळमानाने कळतात. 2 लिटर आणि 50 मीटर म्हणजे 500 वॅट. आकडा छोटा वाटतो, पण पाणी रात्रीही वाहतं. दिवसाला 12 युनिट झाले.

पुढची तुलना दोन जागा धरून करतो. पहिलीत उंची 50 मीटर, कोरड्या दिवसांत पाणी 2 लिटर आणि भरात 6. दुसरीत उंची जेमतेम 8 मीटर, पण पाणी वर्षभर 30 लिटर.

उंची भरपूर, पाणी थोडं

पहिल्या जागेला पेल्टन किंवा टर्गो. लेस्टर पेल्टन यांनी 1880 मध्ये पेटंट घेतलेल्या चाकाची रचना आजही तीच आहे: मधोमध धार असलेल्या जोडवाट्या, आणि त्या धारेवर नोझलमधून, म्हणजे पाइपच्या टोकाच्या अरुंद तोंडातून, येणारा फवारा. 50 मीटरला हा फवारा सेकंदाला सुमारे 30 मीटर वेगाने सुटतो. वाटीने त्याच्या निम्म्याहून थोड्या कमी वेगाने पळावं लागतं. 10 सेंटिमीटर व्यासाचं चाक मग मिनिटाला 2,700 च्या आसपास फेरे घेतं. इतक्या वेगाला चालणारा अल्टरनेटर निवडला तर तो सरळ त्याच शाफ्टवर बसतो. पट्टा नाही, गिअर नाही.

पेल्टनचा खरा मोठेपणा मात्र नोझलमध्ये आहे. 10 मिलिमीटरचं एक नोझल या उंचीवर सेकंदाला साधारण अडीच लिटर सोडतं. चाकाभोवती अशी दोन-तीन बसवा आणि प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह द्या. पाणी कमी झालं की एकेक बंद करत जायचं. उरलेला फवारा पूर्ण दाबाने येतो, म्हणून प्रवाह तिसऱ्या हिश्श्यावर आला तरी चाकाची कार्यक्षमता फारशी पडत नाही. चढउतार असलेल्या ओढ्याला याहून चांगला पर्याय मला दिसत नाही.

टर्गो त्याचाच भाऊ, 1919 मध्ये एरिक क्रूडसन यांनी काढलेला. त्यात फवारा चाकाच्या बाजूने, साधारण 20 अंशांच्या कोनात शिरतो आणि दुसऱ्या बाजूने निघून जातो. बाहेर पडणारं पाणी आत येणाऱ्या फवाऱ्याच्या आड येत नाही, त्यामुळे तेवढ्याच चाकावर जाड फवारा चालतो. सारख्याच पाण्याला टर्गोचं चाक पेल्टनच्या सुमारे निम्म्या व्यासाचं आणि दुप्पट फेऱ्यांचं येतं. उंची 15 ते 30 मीटर आणि पाणी थोडं जास्त असेल तर मी टर्गो घेईन. 50 मीटरच्या पुढे पेल्टन.

उंची कमी, पाणी भरपूर

दुसऱ्या जागेवर पेल्टन का नको, हे आकडेच सांगतात. 8 मीटरवर 30 लिटर एकाच नोझलमधून काढायचे तर फवारा साडेपाच सेंटिमीटर जाड होतो. त्याला अर्धा मीटर व्यासाचं चाक लागतं आणि ते मिनिटाला जेमतेम 200 फेरे घेतं. तिथे 20 सेंटिमीटरचा क्रॉसफ्लो रनर, म्हणजे त्याचं फिरणारं चाक, साडेपाचशेच्या वर फिरतो. एक पट्टा लावला की 1,500 फेऱ्यांचा जनरेटर चालतो.

क्रॉसफ्लोमध्ये पाणी पात्यांच्या पिंजऱ्यातून दोनदा जातं, आत शिरताना आणि पलीकडे बाहेर पडताना. शिरताना पात्यावर चिकटलेलं पान बाहेर जाणारं पाणीच बऱ्याचदा धुऊन काढतं. पाती पाइप उभा चिरून करता येतात, म्हणून चांगल्या वेल्डिंगच्या कारखान्यात हा रनर बनतो आणि दुरुस्तही होतो. नीट बनवलेल्या पेल्टनपेक्षा कार्यक्षमता थोडी कमी मिळते, पण ज्याला सुटे भाग लांबून मागवावे लागतात त्याने तेवढं सोडून द्यावं.

उंची 2-3 मीटरच असेल तर पंख्यासारख्या पात्यांचं प्रोपेलर टर्बाइन, पण 500 वॅटला सेकंदाला 50 लिटरच्या घरात पाणी लागेल.

पंपाचा मोह

बाजारातला सेंट्रिफ्युगल पंप उलटा चालवला की टर्बाइन होतो. स्वस्त, सील-बेअरिंग कुठेही मिळतात, आणि त्याचीच थ्री-फेज मोटर कपॅसिटर लावून जनरेटर म्हणून चालते. मोह होणं साहजिक आहे. पण पंपात पाणी कमीजास्त करण्याची सोय नसते. 6 लिटरला निवडलेल्या पंपाला 2 लिटर मिळाले तर तिसरा हिस्सा नाही, जवळपास शून्य वीज मिळते. पाइप वरून रिकामा होत जातो आणि हवा ओढू लागतो. 2 लिटरला निवडलात तर भराच्या दिवसांतलं जास्तीचं पाणी वाया. प्रवाह वर्षभर सारखा असेल तरच पंप घ्या. पाटीवरचे आकडे तसेच वापरू नका: टर्बाइन म्हणून चालताना त्याला पाटीपेक्षा जास्त उंची आणि जास्त पाणी लागतं.

बसवताना फरक कुठे पडतो

पेल्टन, टर्गो आणि क्रॉसफ्लो हवेत फिरतात. खालचं पाणी चढून रनरला लागलं की वीज धाडकन पडते, म्हणून चौथरा पुराच्या पातळीच्या वर हवा. नोझलच्या खालची ही उंची वाया जाते. 50 मीटरमधला 1 मीटर म्हणजे 2 टक्के, 8 मीटरमधला 1 मीटर म्हणजे बारा टक्क्यांहून जास्त. प्रोपेलरला किंवा पंपाला खाली रुंदावत जाणारी ड्राफ्ट ट्यूब लावून तिचं तोंड पाण्यात बुडवलं, तर खालच्या उंचीचाही बराच उपयोग होतो आणि यंत्र वर कोरडं राहतं.

दुसरी गोष्ट भार सुटण्याची. घरातलं सगळं बंद झालं तर पेल्टन सुमारे पावणेदोन पट वेगाने पळतो. म्हणून यातल्या कोणत्याही यंत्राला उरलेली वीज हीटरमध्ये जाळणारा लोड कंट्रोलर हवाच. पेल्टनला शिवाय फवाऱ्यापुढे आडवा येणारा पत्रा बसवता येतो. पाणी वाहतच राहतं, चाक थांबतं. पंपाला ही सोय नाही. घाबरून व्हॉल्व्ह खटकन बंद करू नका. 75 मिलिमीटरच्या 300 मीटर पाइपात सव्वा टनाहून जास्त पाणी धावत असतं, आणि ते एकदम अडलं की पाइप फुटतो. बॉल व्हॉल्व्हऐवजी चाक फिरवून हळू बंद होणारा गेट व्हॉल्व्ह लावा आणि वळणांवर पाइप काँक्रीटच्या ठोकळ्यांत जखडा.

यंत्र कोणतंही घ्या, त्याच्या तोंडाशी प्रेशर गेज कायमचा ठेवा. व्हॉल्व्ह बंद असताना 5 बार आणि पूर्ण चालू असताना 4 बार दिसले तर पाइप पाचवा हिस्सा खातोय. पुढच्या वेळी टर्बाइन बदलण्याआधी पाइप मोठा करा. चालू असताना काटा नेहमीपेक्षा खाली गेला तर वरची जाळी पाल्याने तुंबली आहे किंवा ओढाच आटतोय. नेहमीपेक्षा वर गेला आणि वीज कमी झाली, तर नोझलमध्ये काडी अडकली आहे.