भूतकाळाची वही: महिनाभर वापरून

जर्मनीला नर्सिंगसाठी जाणारी माझी मैत्रीण तिकडची भाषा शिकतेय, मी अजून इंग्रजीतच अडकलेय. स्टेशनबाहेरच्या दुकानातून ही इंग्रजी भूतकाळाच्या सरावाची वही घेतली.

सगळ्यात कामाचा भाग ‘लुक्ड’चा. मागे ‘ॲट’ आलं की पाहिलं, ‘फॉर’ आलं की शोधलं, ‘आफ्टर’ आलं की सांभाळलं. मी ड्युटीच्या रिपोर्टमध्ये ‘आय लुक्ड हर’ लिहून सिस्टरांचं बोलणं खाल्लं होतं! आजींना रात्रभर सांभाळलं मी, आणि कागदावर ते कुठेच नाही. ‘लाफ्ड’चंही तसंच. आपण ‘माझ्यावर हसला’ म्हणतो म्हणून ‘ऑन मी’ तोंडात येतं. हवं ‘ॲट मी’.

दुसरं, आपण नुसतं ‘हात धुतले’ म्हणतो. इंग्रजीत ‘आय वॉश्ड माय हँड्स’. ‘माय’ लागतोच, जणू शेजारणीचे हात धुणार होते. पण ‘त्याने आपल्या भावाला बोलावलं’ आणि ‘त्याच्या भावाला बोलावलं’ यांतला फरक तिकडे नाही, दोन्हीकडे ‘हिज ब्रदर’. इथे मराठीच चोख. वहीत यावर एक ओळ नाही, निदान टीप तरी हवी होती.

उच्चारांचं पान अगदीच भुक्कड. ‘लुकेड’ नव्हे, ‘लुक्ट’. पण ‘वेटेड’ मात्र ‘वेटिड’च, कारण मूळ क्रियापदाच्या शेवटी ट किंवा ड असेल तरच ते जास्तीचं अक्षर ऐकू येतं. हे मला यूट्यूबवर कळलं. कागद पातळ, शाई मागे उमटते. पेन्सिलनेच लिहा.