सामना उद्या आहे की भरती तीन महिन्यांनी? बर्फ, मालिश, झोप आणि सुई यांचा हिशेब

आमच्या मैदानावर दोन तऱ्हेची पोरं येतात. एक कबड्डीवाली. संक्रांतीच्या आगेमागे गावोगावी खुले सामने लागतात, हॅलोजनखाली एकाच रात्री दोन-दोन, तीन-तीन सामने होतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदान. दुसरी भरतीवाली. पोलीस भरतीत १६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. त्या ५० गुणांसाठी ही पोरं-पोरी वर्ष वर्ष पळतात. तक्रार मात्र दोघांची एकच: "सर, पाय भरले, उचलूनच नाही राहिले." आणि दोघांनीही मोबाइलवर बर्फाच्या टबात बसलेले मोठे खेळाडू पाहिलेले असतात.

तक्रार एक असली तरी इलाज एक नाही. मी आधी एवढंच विचारतो, तुले उद्या पुन्हा खेळायचं आहे का, की तीन महिन्यांनी पळायचं आहे? अर्धा निर्णय तिथंच होतो.

थंड पाणी हा उद्याचा उपाय आहे. १० ते १५ अंशांच्या पाण्यात कमरेपर्यंत १० ते १५ मिनिटं बसलं की पुढच्या एक-दोन दिवसांचं दुखणं कमी जाणवतं, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. सकाळी उपांत्य सामना असेल तर तेवढं पुष्कळ झालं. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास भरतीवाल्यांनी लक्षात ठेवावा. १२ आठवडे वजनाचा व्यायाम करणाऱ्यांपैकी काहींनी प्रत्येक वेळी नंतर थंड पाण्यात बसायचं आणि काहींनी नुसती हलकी सायकल मारायची, असं ठरलं होतं. शेवटी थंड पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद दोन्ही कमी वाढले. व्यायामाचा स्नायूवर जो ताण पडतो, तोच त्याला अजून मजबूत हो म्हणून सांगत असतो. रोज बर्फ लावून आपण तो निरोपच दाबतो. म्हणून गोळ्यासाठी ताकद वाढवणाऱ्या पोरानं रोज बर्फात बसणं म्हणजे पेरलेलं उकरून काढणं आहे.

आता आपल्याकडची अडचण. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी अंगावर घेतलं की गार वाटतं, पण जमिनीखालचं पाणी वर्षभर त्या भागाच्या सरासरी तापमानाच्या जवळपास राहतं. विदर्भात ते २६-२७ अंशांच्या आसपास येतं. त्यात बसल्यानं बरं वाटेल, घाम धुऊन निघेल, पण अभ्यासांतलं थंड पाणी ते नव्हे. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये दीडशे लिटर पाणी घेऊन ते १५ अंशांवर आणायचं तर हिशेबानं १९ किलो बर्फ लागतो, आणि उन्हाळ्यात वितळून वाया जाणारा धरला तर २५ किलो. तालुक्याहून लादी आणायची, गोणपाटात गुंडाळून मोटरसायकलवर, आणि एवढं करून एका वेळी एकच पोरगा बसणार. डिसेंबर-जानेवारीत मात्र गोष्ट वेगळी. उघड्या टाक्यातलं पाणी रात्रभरात बरंच उतरतं, पहाटे बर्फाची गरज फारशी उरत नाही. साधा थर्मामीटर आणून पाणी मोजून घ्या, अंदाजानं बसू नका.

एकाच प्रसंगी थंड पाण्याबद्दल मी कुणाचंही ऐकत नाही. एप्रिल-मेमध्ये पळताना पोरगा बरळायला लागला, तोल जायला लागला, अंग तापलं, तर तो उष्माघात समजायचा. तिथं थकवा घालवायचा विचार नाही, जीव वाचवायचा आहे. आधी थंड करायचं, मग दवाखान्यात न्यायचं. टाक्यात मान वर धरून बसवा, नाहीतर बादल्या ओता आणि वारा घाला. तेव्हा २७ अंशांचं पाणीही सोनं आहे. गाडीची वाट पाहत सावलीत झोपवून ठेवणं ही चूक मी पाहिली आहे, पुन्हा पाहायची नाही.

मालिश ही आपल्या मातीतली गोष्ट. पट्टीचे पैलवान असोत की शंकरपटाचे, म्हणजे शर्यतीचे, बैल, रगडल्याशिवाय कुणी मैदानात उतरवत नाही. २०१८ च्या एका मोठ्या आढाव्यात ९९ अभ्यास एकत्र तपासले होते, त्यात दुखणं आणि थकल्याची भावना कमी करण्यात मालिश सगळ्या उपायांत वरचढ ठरली. ताकद किंवा वेग लगेच परत येतो असं मात्र समजू नका. कमी दुखतं, एवढाच तिचा दावा, आणि तो खरा आहे. तेल तिळाचं की मोहाचं, यावरून भांडू नका. हात सरकण्यापुरतं तेल पुरे. मांडी आणि पोटरी, प्रत्येकी पाच-सात मिनिटं, हृदयाच्या दिशेनं. दुखून डोळ्यांत पाणी येईल इतकं दाबणारा माणूस चांगला मालिशवाला नसतो. सुजलेला घोटा, लचकलेला गुडघा यांना तर हातच लावू देऊ नका. पोरींची अडचण वेगळी, त्यांना गावात मालिश करणारं सहसा कुणी नसतं. आमच्या पोरी वावरातल्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर जुनं चादरीचं कापड गुंडाळून त्यावर पोटऱ्या फिरवतात. दुकानातल्या महागड्या रोलरपेक्षा त्यात कमी काही नाही.

ताणाच्या व्यायामावर फार वेळ घालवायची गरज नाही. २०११ च्या आढाव्यानुसार व्यायामानंतर स्नायू ताणल्यानं दुसऱ्या दिवशीच्या दुखण्यात १०० पैकी साधारण एका गुणाचाच फरक पडतो. लवचिकतेसाठी करा, दुखणं जाईल म्हणून नको. दहा मिनिटं चालत-पळत अंग सैल करणं त्यापेक्षा बरं वाटतं. त्यानं लॅक्टिक आम्ल निघून जातं म्हणतात, पण ते तसंही तासा-दीड तासात उतरतं. दोन दिवसांनी मांड्या धरतात त्याचं कारण ते नाहीच. उतारावर पळताना, पकडीत झुकताना स्नायूच्या तंतूंना बारीक चिरा पडतात, त्या दुखतात.

झोपेवर मात्र मला थांबायचं आहे, कारण सगळ्यात मोठा फरक झोपेनं पडतो आणि सगळ्यात कमी लक्षही तिच्याकडंच असतं. २०११ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले ११ बास्केटबॉलपटू काही आठवडे रोज १० तास अंथरुणात राहिले. त्यांची धाव १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली आणि बास्केटची अचूकता ९ टक्क्यांनी वाढली. कुठलीही पावडर, कुठलाही टब नाही. मी पोरांना हे सांगतो तेव्हा ती हसत नाहीत, गप्प होतात, कारण त्यांना माहीत असतं की त्यांच्या हातात झोप नाही. रब्बीत रात्रपाळीची लाईन, म्हणजे शेतीची वीज, आली की वडिलांसोबत हरभऱ्याला ओलित करायला जावं लागतं. रात्री दोनला पाण्याच्या नाल्या फोडून पहाटे पाचला मैदानावर आलेल्या पोराला मी वेगाच्या फेऱ्या लावत नाही. पालकांनो, आठवड्याच्या पाळ्या ठरतात तेव्हा एवढंच बघा की सामन्याच्या आधीच्या दोन रात्री पोरगा घरी झोपेल.

मे महिन्यात अडचण उलटी. पत्र्याचं घर रात्री बारापर्यंत तापलेलं असतं. संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारणं, गच्चीवर झोपणं, कूलर खिडकीत लावून समोरची खिडकी उघडी ठेवणं, एवढं केलं तरी तासभर जास्त झोप लागते. खोली बंद करून कूलर लावला तर नुसती दमट होते. रात्री कमी पडलेली झोप दुपारी भरून काढा, पण एक तर अर्धा तास नाहीतर दीड तास. मधेच उठलं की डोकं जड राहतं.

खाण्याबाबत पोरं पहिला प्रश्न डब्याचा विचारतात. प्रोटीन पावडर वाईट नाही, पण ६० किलोच्या पोराला दिवसाला सुमारे ९६ ग्रॅम प्रथिनं लागतात आणि ती घरातच आहेत. ५० ग्रॅम सोया वड्यांत २६, अर्धा लिटर दुधात १७, तीन ज्वारीच्या भाकरींत १५, दोन अंड्यांत १२, वाटीभर तुरीच्या वरणात ११, मूठभर फुटाण्यांत १०, मूठभर शेंगदाण्यांत ७. बेरीज करा, ९८ होते. ज्या जिल्ह्यांत सोयाबीनची पोती भरून बाजारात जातात, तिथं पोरं प्रथिनांसाठी कर्ज काढतात, याचं मला फार वाईट वाटतं. दोन सामन्यांच्या मधे तर प्रथिनांपेक्षा साखर आणि मीठ महत्त्वाचं: दोन केळी, गुळाचा खडा, मीठ घातलेलं लिंबूपाणी. वडा-पाव किंवा तर्री पोहे सामना संपल्यावर.

पाण्याचा हिशेब धान्याच्या काट्यावर करता येतो. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, थोडं थोडं करून, मिठासह. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या छोट्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं की घरचं ओआरएस होतं. दर्यापूर-अकोटकडच्या खारपाण पट्ट्यातली पोरं विचारतात, आमचं बोअरचं पाणी आधीच खारट आहे, चालणार नाही का? नाही. त्या पाण्यातले क्षार वेगळे असतात आणि त्यांचं प्रमाणही मोजलेलं नसतं.

राहिली सुई, म्हणजे इंजेक्शन. तिची तुलना इतरांशी करायची माझी तयारी नाही, पण गावात ती सर्रास मिळते म्हणून लिहितो. आमच्या एका चढाईपटूनं उपांत्य सामन्याआधी घोट्याच्या दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची सुई घेतली. सामना खेळला, जिंकला, आणि दुखणं दबलेलं असल्यानं दुखावलेल्या घोट्यावरच उड्या मारत राहिला. पुढचा अख्खा मोसम तो बसून होता. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना ही वेदनाशामकं मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि मे महिन्यात पाणी कमी झालेलंच असतं. सुईत स्टेरॉइड असेल तर राज्यस्तरावर जाणाऱ्यांनी अजून सावध राहावं. २०२२ पासून स्पर्धेच्या काळात अशा सुया उत्तेजकविरोधी नियमांत पूर्ण बंद आहेत. खूप कसून सरावानंतर लघवी काळ्या चहासारखी आली तर सुई-गोळी काही न घेता थेट मोठ्या दवाखान्यात जा.

आणि एक दुखणं असं आहे ज्यावर वरचं काहीच लागू पडत नाही. पावसाळ्यात काळी माती बुटाला चिकटते, मैदानावर पळता येत नाही, म्हणून भरतीची पोरं महिनोन्‌महिने डांबरी रस्त्यावर पळतात. मग नडगीच्या हाडावर बोटभर जागेत दुखायला लागतं. दोन्ही मांड्या सारख्या भरून येणं आणि तीन दिवसांत उतरणं, हा थकवा. एकाच पायात, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं आणि दर धावेला वाढत जाणं, हे हाडाला बारीक भेग गेल्याचं लक्षण असू शकतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या एक्स-रेत ती भेग बऱ्याचदा दिसत नाही, तेव्हा फोटो साफ आला म्हणून पोराला पुन्हा रस्त्यावर सोडू नका. सायकल चालू द्या, तलावात पोहू द्या, गोळ्याचा सराव बसून करू द्या, पण पळणं सहा-आठ आठवडे बंद, आणि सुरू करायचं तेव्हा दाबून दुखत नाही हे बघूनच.