जीप कंपास : चौदा महिने, तेवीस हजार किलोमीटर आणि आबांचा छोटा गिअर

आमच्या पाटण खोऱ्यात वाड्यावस्त्यांवरून माणसं भरून खाली उतरणाऱ्या प्रत्येक गाडीला जीपच म्हणत. महिंद्राची कमांडर असो की टेम्पो ट्रॅक्स, "जीप गेली का?" असंच विचारायचे. माझे आबा सतरा वर्षं वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी, चालवत होते. पुढं चौघं, मागं मोजायची नाहीत, टपावर कोंबड्यांची डालगी आणि फुटबोर्डवर क्लीनर. त्यामुळं २०१८ ची जीप कंपास घेताना मला गाडीपेक्षा त्या शब्दाचीच जास्त काळजी होती. आबांसमोर जिला जीप म्हणायचं, ती तशी निघायला हवी होती.

मी पशुवैद्यक आहे. कराडला राहते, पण काम पाटण तालुक्यात. अडलेली म्हैस वेळ बघत नाही, रस्ताही बघत नाही. आधीची छोटी हॅचबॅक पावसाळ्यात दर आठवड्याला पोटावर घासायची. म्हणून पुण्यातून एका हातातली, ४१,००० किलोमीटर झालेली डिझेल कंपास घेतली : लिमिटेड, फोर बाय फोर, सहा गिअरची मॅन्युअल. आता मीटर ६४,००० च्या पुढं आहे. हा अनुभव त्या तेवीस हजारांचा.

आधी वंशावळ सांगते, कारण तिच्याशिवाय ही गाडी नीट कळत नाही.

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांना ताकद जाणारी टेहळणीची गाडी हवी होती. १३५ कंपन्यांना विचारणा झाली आणि नमुना गाडी बनवायला मुदत दिली ४९ दिवसांची. ती मुदत पाळली पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीनं. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यानं आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० ला गाडी मेरिलँडच्या कँप होलाबर्डला वेळेत पोचली. पण बँटमची कुवत लहान. सैन्यानं तिची कागदपत्रं विलिस ओव्हरलँड आणि फोर्ड यांनाही बघू दिली. विलिसकडं बार्नी रूस यांनी घडवलेलं २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं 'गो डेव्हिल' इंजिन होतं. तेवढी ताकद दुसऱ्या कुणाकडं नव्हती. मोठं काम विलिसला गेलं, जोडीला फोर्डला, आणि बँटम शेवटी जीपमागं जोडायचे ट्रेलर बनवत राहिली. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपा बांधल्या. ज्यांनी पहिली गाडी वेळेत पोचवली त्यांचं नाव आज कुणाच्या तोंडी नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

समोरच्या उभ्या फटींची जाळी ही विलिसच्या जीपची ओळख, पण पत्र्यातून दाबून काढलेली ती जाळी मुळात फोर्डनं आणली, नऊ फटींची. १९४५ ला विलिसनं शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए ही नागरी जीप काढली, तिचे दिवे मोठे झाले आणि फटी सात उरल्या. त्या सात फटी माझ्या गाडीच्या तोंडावर आजही आहेत. नांगर ओढणारी, मळणी यंत्राला पट्टा लावून फिरवणारी गाडी अशीच त्या सीजेची जाहिरात व्हायची.

आणि इथं ही गोष्ट आपल्याकडं वळते. महिंद्रा कंपनीचे एक संस्थापक के. सी. महिंद्रा युद्धकाळात सरकारी कामासाठी अमेरिकेत होते, तिथं त्यांची बार्नी रूसशी गाठ पडली. पुढं १९४९ ला मुंबईत माझगावला सुट्या भागांतून विलिस जीपा जुळवायला सुरुवात झाली. आबांची पहिली गाडी त्याच वंशातली, सरकारी लिलावातून घेतलेली, उंच बोनेटची. ते उंच कपाळ सीजे-३बी या पुढच्या मॉडेलचं. १९५३ मध्ये विलिसनं इंजिनाचे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर घेतले, इंजिन उंच झालं, म्हणून बोनेट उचलावं लागलं. अमेरिकेत तो चेहरा १९६८ ला बंद झाला, आपल्याकडं कितीतरी वर्षं पुढं चालला. आबांनी तिचं पेट्रोल इंजिन काढून मॅटाडोरचं डिझेल बसवलं होतं, तेव्हा सगळेच बसवायचे.

मूळ कंपनीचे मात्र मालक बदलत राहिले. १९५३ ला कायझर, १९७० ला अमेरिकन मोटर्स, १९८७ ला क्रायस्लर, १९९८ ला डाइम्लर, नंतर फियाट आणि २०२१ पासून स्टेलांटिस. एवढ्या घरांत नांदूनही नाव टिकलं, कारण त्या नावाला किंमत होती. कंपास फियाटच्या काळातली. हाडं इटलीची, नाव अमेरिकेचं आणि जन्म शिरूर तालुक्यातल्या रांजणगावचा, महागणपतीच्या शेजारचा. टाटा आणि फियाटच्या भागीदारीतल्या त्या कारखान्यात ही २०१७ पासून बनते, डिझेल इंजिनही तिथंच, आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्या तिथून परदेशी जातात. माझगाव ते रांजणगाव, अंतर जेमतेम दोनशे किलोमीटर आणि मधली वर्षं अडुसष्ट.

आता चालवण्याचं.

पहिलं आणि सगळ्यात मोठं कौतुक सस्पेन्शनचं. चारही चाकं आपापली स्वतंत्र लटकलेली आहेत. पाटणपासून कोयनानगरकडं पावसाळ्यानंतर जे खड्डे होतात, त्यात मी पन्नासच्या वेगानं शांत जाते. गाडी खड्डा गिळते, आवाज घुमल्यासारखा येतो, पण धक्का कमरेपर्यंत पोचत नाही. वीस वर्षं जुनं माझं पाठीचं दुखणं या चौदा महिन्यांत एकदाही वर आलं नाही. आणि वेग वाढवला की अशा मऊ गाड्या डोलायला लागतात, ही डोलत नाही. कुंभार्ली घाटातल्या वळणांवर ती रस्त्याला चिकटून जाते. साताऱ्याहून रात्री एकटीनं परत येताना हा भरवसा मला पैशांत सांगता येणार नाही.

इंजिन २ लिटरचं, १७३ पीएस ताकद, ३५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर. हायवेला मजा आहे. पण इंजिनाचे फेरे मिनिटाला १८०० च्या खाली गेले की ते झोपतं. घाटाच्या हेअरपिन वळणावर दुसऱ्या गिअरला गुदमरतं, पहिला टाकावा लागतो. हे अंगवळणी पडायला मला दोन महिने लागले. क्लच जड आहे आणि लांबपर्यंत दाबावा लागतो. कराडच्या मार्केट यार्डाच्या गर्दीत डावा पाय बोलतो. मायलेज टाकी ते टाकी लिहून ठेवलंय : हायवेला १५ ते १६, खोऱ्यात १२ ते १३, गावात १० च्या आसपास.

चार चाकांची ताकद इथं कशी चालते ते नीट समजून घ्या. एरवी गाडी पुढच्या चाकांवरच चालते. मागचा धुरा सोडलेला असतो, म्हणजे डिझेल वाचतं. पुढची चाकं घसरायला लागली की यंत्रणा स्वतः मागं ताकद पाठवते. ऑटो, बर्फ, वाळू, चिखल असे चार पर्याय आहेत आणि एक लॉकचं बटण. गेल्या श्रावणात सडावाघापूरच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या पलीकडं, एका गोठ्याच्या वाटेवर तांबडा चिखल घोट्याच्या वर होता. समोरचं दिसत नव्हतं, पाऊस आडवा. चिखलाचा पर्याय लावला, लॉक दाबलं, पाय हलका ठेवला. पुढची चाकं दोनदा फिरली, मग मागून कुणीतरी ढकलल्यासारखं झालं आणि गाडी निघाली. गाय वाचली, वासरूही. त्या दिवसापासून मी हिला मनापासून जीप म्हणायला लागले.

आबांचं मत वेगळं होतं. पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांनी गिअरच्या दांडीशेजारी हात फिरवला आणि विचारलं, "हिचा छोटा गिअर कुठाय?" जुन्या जीपला दुसरी एक दांडी असायची, ती ओढली की गाडी मुंगीसारखी पण हत्तीच्या जोरानं चढायची. कंपासला ती नाही. "मग ही चढणार जोरावर, दमावर न्हाई," ते म्हणाले. मला तेव्हा राग आला, पण चौदा महिन्यांनी सांगते, बोलले ते खरंच. भरल्या गाडीनं उभ्या, दगडी चढावर अगदी हळू चढायचं झालं तर क्लचवर ताण येतो. तशी वाट रोजची असेल त्यानं शिडीसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आणि छोटा गिअर असलेली गाडीच घ्यावी. जीपमध्येच बघायचं तर ती रँग्लर, पण तिची किंमत आपल्या आवाक्यातली नाही. कंपासला तशी वेगळी चासी नाही. पण चासी गेली म्हणून जीपपण गेलं, हे मला पटत नाही. अमेरिकेत १९८४ च्या चेरोकीनंच वेगळी चासी टाकून दिली होती, आणि तिला कुणी खोटी जीप म्हटलं नाही.

मागची सीट दोघांना उत्तम, तिघांना नाही. डिकीत माझी औषधांची पेटी, बादली, दोर, गमबूट आणि कृत्रिम रेतनासाठीचं द्रव नायट्रोजनचं कॅन बसतं, त्यावर फारसं काही नाही. दारं बंद होतानाचा आवाज मात्र ऐकत राहावा असा. माझ्या मुलाला पहिल्याच आठवड्यात पुढच्या काचेच्या बुडाशी कोरलेली छोटी पाल सापडली. आता घरी येणाऱ्या प्रत्येक पोराला तो ती दाखवतो.

खर्चाचं स्पष्ट सांगते. ५२,००० किलोमीटरला क्लचचा पूर्ण सेट बदलला. आधीच्या मालकानं शहराच्या गर्दीत पाय क्लचवरून कधी उचललाच नसावा, प्लेट पार गुळगुळीत होती. जुनी गाडी घेताना चढावर तिसऱ्या गिअरला दाबून बघा, फेरे वाढले आणि वेग वाढला नाही तर किमतीतून क्लचचे पैसे वजा करा. मी बघितलं नाही आणि माझे पैसे गेले. दुसरा मनस्ताप एका वर्कशॉपमधला. ऑइल बदलून दिलं आणि इंजिनाखालच्या कव्हरचे दोन बोल्ट लावलेच नाहीत. ते कव्हर उंडाळ्याच्या पुढं रस्त्यावर घासायला लागलं, मी सुंभानं बांधून घरी आणलं. त्यानंतर सर्व्हिसचा दिवस मी सुट्टीचा धरते आणि गाडी खालून स्वतः बघून घेते. सर्व्हिस सेंटर लांब, त्यामुळं एरवीही दिवस जातोच. सुटे भाग महाग आहेत, पण फिल्टरं आणि ब्रेक पॅड मागवून ठेवले की काम अडत नाही.

येत्या महिन्यात टायर बदलायचेत. माप २२५/६०, सतरा इंची. रस्त्याचेच घ्यावेत की थोडे खोल नक्षीचे, यावर घरात दोन मतं. खोल नक्षीनं हायवेला आवाज वाढेल, मायलेजही थोडं घटेल. आबा रोज सकाळी गाडीभोवती एक चक्कर मारतात, टायरच्या खाचेत नाणं घालून बघतात. परवा त्यांनी पहिल्यांदाच किल्ली मागितली. ढेबेवाडीपर्यंत गेले आणि आले. परतल्यावर काही बोलले नाहीत, फक्त सीट आपल्या मापाला सरकवलेली तशीच ठेवली. मी ती अजून बदललेली नाही, उशी घेऊन चालवते. टायर बहुतेक खोल नक्षीचेच येतील.