सातला पान वाढणारी खानावळ

गुहागरला माडा-पोफळीच्या वाडीत असलेल्या या घरगुती खानावळीत ऑक्टोबरात आम्ही दोघे पाच दिवस राहिलो. येथील जेवणाइतकेच जेवणाच्या वेळांविषयीही लिहिणे मला आवश्यक वाटते. मी लोटे औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाळीने काम करतो. रात्रपाळीच्या आठवड्यात मध्यरात्री दोनला डबा उघडायचा, सकाळी घरी येऊन पुन्हा जेवायचे आणि पुढच्या आठवड्यात सगळे उलटे करायचे, यामुळे पोट जड राहणे आणि पित्त उसळणे माझ्या अंगवळणी पडले होते.

येथे सकाळी आठला घावन आणि ओल्या नारळाची चटणी मिळते, दुपारी साडेबाराला पूर्ण जेवण असते. संध्याकाळी दिवेलागण होऊन नातवंडांचे शुभंकरोती संपले की सातच्या ठोक्याला काकूंची हाक येते, "पाने वाढली हो!" केळीच्या पानावर वाफाळता मऊ भात, त्यात बोटांनी केलेल्या खळग्यात विरघळणारे तूप, वर मेतकूट आणि कडेला भाजलेला पोह्याचा पापड, एखाद्या रात्री कुळथाचे पिठले. त्यानंतर सकाळपर्यंत स्वयंपाकघर बंद.

या बारा-तेरा तासांच्या खंडाला मी फार मोल देतो. आतड्यात उजेड पोहोचत नाही; तेथील जिवाणूंना दिवस-रात्र उमगते ती मुख्यतः आपण केव्हा खातो आणि केव्हा उपाशी असतो यावरून. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की उंदरांच्या आतड्यातील अनेक जिवाणूंचे प्रमाण दिवसभरात ठरावीक लयीने चढते-उतरते. ज्या उंदरांचे शरीरातील घड्याळ जनुकीय बदलाने बंद पडले होते त्यांच्यात ही लय हरवलेली होती, आणि ठरलेल्या वेळीच खाऊ घातल्यावर ती परत आली. याच अभ्यासात, लांबच्या विमानप्रवासाने ज्यांची झोप-जाग विस्कटली होती अशा दोघांचे आतड्यातील जिवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले, तेव्हा त्या उंदरांचे वजन वाढले आणि रक्तातील साखरेचे नियंत्रण बिघडले. पाळ्या बदलत जगणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून आपलीच हकीकत वाचल्यासारखे वाटते.

पाच दिवसांचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे मी जाणतो. तरीही चौथ्या दिवशी सकाळी घावनाचा पहिला जाळीदार तुकडा मी खऱ्या भुकेने खाल्ला, आणि ती भूक किती वर्षांनी लागली हे मला आठवेना.

उणीव एकच जाणवली. दुपारी चारच्या चहाबरोबर तळलेले पदार्थ आग्रहाने वाढले जातात. त्याऐवजी वाडीतले शहाळे दिले तर अधिक बरे. खोल्या साध्या पण स्वच्छ आहेत.

चिपळूणहून एसटीने येणाऱ्यांनी सातच्या आत पोहोचण्याचा बेत ठेवावा. उशीर झाल्यास काकू पान वाढत नाहीत. वाटीभर गरम पेज आणि लोणच्याची फोड मात्र देतात.