जुन्या भागीदाराकडचं येणं आणि विधी सेवा प्राधिकरणाची मध्यस्थी: ५ पैकी ४

शॅकची (किनाऱ्यावरच्या खानावळीची) किंवा ट्रकची भागीदारी मोडली आणि हिशोबातली रक्कम समोरच्याकडेच राहिली, तर गोव्यात पहिला अर्ज मध्यस्थीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. येणं ३ लाख किंवा जास्त असेल आणि तातडीचा मनाईहुकूम नको असेल, तर व्यापारी दाव्याआधी ही मध्यस्थी सक्तीचीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये 'पाटील ऑटोमेशन' प्रकरणात हे पक्कं केलं. ही पायरी गाळली की दावा फेटाळला जातो.

अर्जाचे १,००० रुपये. मध्यस्थीची फी १० लाखांपर्यंत १५,०००, ५० लाखांपर्यंत ३०,०००. दोघांनी निम्मी-निम्मी भरायची. काम ३ महिन्यांत संपवायचं असतं, दोघे तयार असले तर आणखी २. हे दिवस दाव्याच्या मुदतीत मोजले जात नाहीत, आणि आमच्या मते सर्वांत मोठा फायदा हाच.

कारण बहुतेक येणी बुडतात ती मुदतीपायी. फर्म विसर्जित झाल्यापासून हिशोबाच्या दाव्याला ३ वर्षंच मिळतात. "चतुर्थी होऊं दे, मग देतो" असला तोंडी वायदा उपयोगाचा नाही. मुदत संपण्याआधी देणं मान्य असल्याचं सहीनिशी लिहून घेतलं, तर त्या तारखेपासून नवी ३ वर्षं सुरू होतात. मुदत टळून गेली असेल तर नुसती कबुली पुरत नाही. पैसे देण्याचं स्पष्ट वचन लेखी आणि सहीचं लागतं.

भागीदारीनामा, विसर्जनपत्र, बँकेचे उतारे, शेवटचा ताळेबंद सोबत न्या. फक्त आपल्या खातेवहीवर देणं शाबीत होत नाही. फर्म नोंदणीकृत नसली तरी विसर्जित फर्मच्या हिशोबाचा दावा चालतो. हे ठाऊक नसल्याने अनेकजण उगाच हाय खातात.

एक गुण कापला तो गैरहजेरीसाठी. समोरचा आलाच नाही, तर शेवटची नोटीस काढून 'मध्यस्थी सुरूच झाली नाही' असा अहवाल मिळतो. तो जोडून कोर्टात जायचं, बस्स.

आला आणि जमलं, तर तडजोडपत्राला लवादाच्या निवाड्याचं बळ असतं. थेट अंमलबजावणी मागता येते. मात्र मसुदा घट्ट हवा: हप्त्यांच्या तारखा, एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम व्याजासह तत्काळ देय, आणि पुढच्या तारखांचे चेक. चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग पैसे भरायला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात फौजदारी तक्रार.

पैशांऐवजी जमीन द्यायचं ठरलं तर आधी फॉर्म एक-चौदा (जमिनीच्या नोंदींचा उतारा) काढून नावं तपासा. गोव्याच्या नागरी कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सहसा सामाईक असते, म्हणून भागीदाराच्या जोडीला त्याच्या बायकोचीही सही घ्या. ती राहिली तर तडजोडीतली जमीन कागदावरच राहते.