पायानं मारायची छोटी सायकल: गुडघा बदलल्यानंतर आठ महिने वापरून

उजवा गुडघा बदलून नऊ महिने होत आले. तिसऱ्या आठवड्यात पोरानं ही सायकल मागवली, १,८०० रुपयांना. सायकल कसली, नुसती पेडलं: लोखंडी चौकट, घट्ट-सैल करायची फिरकी आणि फेरे मोजणारा डबीएवढा मीटर. खुर्चीत बसायचं आणि पाय फिरवायचे. आठ दिवसांत पाच तारे देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, म्हणून एवढे दिवस थांबलो.

मी साताऱ्यात एसटीचा वाहक होतो. तीस वर्षं हलत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडली, गुडघे तिथंच गेले. २०१७ साली सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याला ५४,७२० रुपये अधिक जीएसटी. हा आकडा आमच्या कट्ट्यावर सगळ्यांना पाठ. नंतर व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओचा खर्च मात्र कुणी धरत नाही. आमच्याकडे फिजिओच्या बाई सहा आठवडे आल्या, पुढं सायकलच.

घरी आलो तेव्हा गुडघा ७५ अंश वाकायचा. बाई म्हणाल्या, सपाट चालायला ६५-७० पुरतात, जिन्याला ९०च्या आसपास लागतात, बुटक्या खुर्चीतून उठायला त्याहून जास्त. सुरुवातीला पेडल पूर्ण फिरेचना. मग खुर्ची मागं सरकवली आणि नुसतं पुढं-मागं झुलवलं. पाचव्या आठवड्यात पहिला पूर्ण फेरा झाला, तोही उलटा. मीटरवर १ आला आणि मी एवढ्यानं ओरडलो की ही स्वयंपाकघरातून पळत आली, पडलो समजून.

आता खोड्या. फरशीवर ही सायकल पळते. खाली रबरी पायपुसणं घातलं, वर जुन्या लुगड्याच्या पट्टीनं खुर्चीला बांधली, तेव्हा कुठं जागेवर राहिली. फिरकी आवळून वीस मिनिटं मारली की मधला भाग चांगलाच तापतो. मीटर तिसऱ्या महिन्यात गेला, सेल बदलूनही आला नाही. सगळ्यात वाईट म्हणजे पावलावरचा पट्टा. तो वाकून लावावा लागतो. एवढं वाकता आलं असतं तर सायकल कशाला घेतली असती? रोज कुणाला तरी हाक मारावी लागायची.

एकदा जोशात चाळीस मिनिटं मारली. संध्याकाळी गुडघा सुजून गरम. बर्फ, पाय उंच, दोन दिवस सुट्टी. तेव्हापासून दहा-दहा मिनिटं, दोन वेळा.

आणि हे खोक्यावर कुठंच लिहिलेलं नाही: सायकल गुडघा वाकवते, सरळ करत नाही. माझा पाय थोडा वाकडाच राहायला लागला होता. त्यासाठी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा गादीकडं दाबायचा, तो व्यायाम वेगळा. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायला बरं वाटतं, पण बाईंनी ती पहिल्याच दिवशी काढून टाकली होती.

चौथ्या महिन्यात मात्र सायकलनंच घात केला. मीटर बंद, पण वाहकाची सवय, तोंडानं मोजायचो. टीव्हीसमोर सहाशे फेरे झाले की आजचं काम संपलं. घराबाहेर पाऊल नाही. सूनबाई एके दिवशी म्हणाली, "आण्णा, सहाशे फेरे मारून तुम्ही सोफ्यावरच आहात." बरोबर होतं. बसून पाय फिरवताना अंगाचा भार गुडघ्यावर येतच नाही, तोल सांभाळायचा प्रश्नच नाही.

दुसऱ्या दिवशी काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. पायऱ्यांना बाईंचा नियम: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. पोवई नाक्यावरून राजवाड्यापर्यंत चालत जायला आणखी दोन महिने लागले, वाटेत तीनदा बसून. आता एकदाच बसतो, तेही चहासाठी. खाली मांडी घालून बसत नाही, जेवण टेबलावर.

तर घ्यावी का? पहिल्या तीन महिन्यांसाठी जरूर, फिजिओला विचारून. शक्यतो कुणाची तरी वापरलेली. माझी गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंकडं गेली, त्यांचा डावा गुडघा आहे. पायपुसणं आणि लुगड्याची पट्टी सोबत दिली, आणि पट्टा रोज कोण लावणार ते आधी ठरवा म्हणून सांगितलं.