पाचपाखाडीतलं नवं सुपरमार्केट: बटर घ्या, भाजी घेऊ नका

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुनी चार मजली इमारत होती. ती पाडून टॉवर झाला आणि त्याच्या तळमजल्यावर हे दुकान आलं. नाव लिहीत नाही, ठाण्याच्या पाचपाखाडीतल्यांना कळेलच. उघडायच्या आधीपासूनच त्याच्याविरुद्ध सह्या गोळा होत होत्या. शेजारच्या सोसायटीच्या गेटवर ‘रहिवासी भागात सुपरमार्केट नको’ असा फलक अजून आहे, आणि त्याच सोसायटीचे खजिनदार मला रविवारी सकाळी ब्रेडच्या काउंटरवर भेटतात. ब्रेड चांगला आहे, त्यांचाही नाइलाज असेल.

मी घरून मोदक, पुरणपोळी आणि दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेते. त्यामुळे दिव्यांची सजावट आणि वाजणारं इंग्रजी संगीत सोडून मी थेट फ्रीजपाशी जाते. तिथे या दुकानाला पैकीच्या पैकी. बिनमिठाचं बटर दगडासारखं घट्ट मिळतं. ठाण्यात कित्येक ठिकाणी ते एकदा वितळून पुन्हा गोठलेलं असतं आणि नानकटाई करताना त्याचा त्रास होतो. क्रीम, पनीर, चीज सगळं ताजं, तारखा पुढच्या, आणि तारीख जवळ आली की माल स्वतःहून वेगळ्या टोपलीत कमी भावाने ठेवतात.

कोरड्या मालाकडे वळलं की मात्र मामला बिघडतो. ‘आंबेमोहर मोदक पिठी’ अर्धा किलो 135 रुपये. उकड काढताना वासाचा पत्ता नाही, आणि पारीला कळ्या पाडायला गेलं की कडा फाटतात. दळण जाड असावं, पण वास का नाही ते कळत नाही. वाडा कोलम 1 किलो 148 रुपये. आमच्या वाण्याकडे सुटा घेतला तर 90 ला मिळतो. वाडा इथून काही लांब नाही, शेजारच्या पालघर जिल्ह्यातच. त्या तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून सगळ्यांच्याच पाकिटांवर वाडा आला. या पाकिटावर पॅकिंगचा पत्ता दुसऱ्याच राज्यातला आहे. तेवढ्यावरून तांदूळ खोटा ठरत नाही, पण 58 रुपये जास्त मोजायला माझा हात पुढे होत नाही.

आता भाजी. मेथी निवडलेली, कोथिंबीर धुतलेली, दोन्ही प्लास्टिकच्या डब्यात. पाण्याचे फवारे मारून ठेवतात म्हणून दिसते टवटवीत, पण घरी आणली की दुसऱ्या दिवशी देठं काळी. जूनमध्ये यांनी ‘रानभाज्या’ अशी पाटी लावून शेवळं मांडली होती. केळीच्या पानावर, चार-चार कोंब, वर किमतीचं स्टिकर. शेवळांत घालायची आंबट रानफळं, म्हणजे काकडं, कुठे दिसेनात. मी तिथल्या मुलाला विचारलं, काकडं कुठे आहेत? तो अदबीने म्हणाला, “मॅम, काकडी त्या साइडला.” मुलाचा दोष नाही. पण ज्याने खरेदी ठरवली त्याला माहीत हवं होतं की काकडाशिवाय शेवळं शिजवली तर घसा खाजून खाजून जीव नकोसा होतो. ही भाजी पहिल्यांदाच घेणारं एखादं तरुण जोडपं पुन्हा रानभाजीचं नावही काढणार नाही.

शेवळं विकणाऱ्या मावशी याच दुकानासमोरच्या फुटपाथवर बसायच्या. शहापूरकडून पहाटेच्या लोकलने यायच्या, शेवळांच्या जुडीबरोबर काकडं न मागता द्यायच्या, नंतर टाकळा, भारंगी, कुर्डू. आता त्या जागेवर सिमेंटच्या मोठ्या कुंड्या आहेत, कुंड्यांत कसलीशी शोभेची झाडं, आणि कुणी भाजीची पाटी टेकवली की शिट्टी मारणारा गार्ड. मॅनेजरना विचारलं तर म्हणाले, “बिल्डिंगचं फ्रंटेज आहे, ताई.” फ्रंटेज काचेपर्यंत. काचेबाहेरचा फुटपाथ महापालिकेचा, आणि त्या महापालिकेचं मुख्यालय इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे! 2014 च्या पथविक्रेता कायद्यात स्पष्ट लिहिलंय की सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना उठवायचं नाही. तिथे पालिकेलाही हात बांधून घ्यावे लागतात, मग दुकानाच्या गार्डला शिट्टी कुणी दिली?

दुकानाला विरोध करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना हे कधी दिसलं नाही, हे माझं त्यांच्याशी भांडण. सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक झाली तेव्हा अर्धा वेळ ‘आपली संस्कृती’ यावर गेला. अ‍ॅव्होकाडोने कुणाची संस्कृती बुडाल्याचं मी पाहिलेलं नाही. पहाटे पाचला माल उतरवणारे टेम्पो, रिव्हर्सचा तो पीं-पीं आवाज, गल्लीत दुहेरी लागलेल्या गाड्या, त्यातून अ‍ॅम्ब्युलन्स कशी जाणार, हे मुद्दे खरे आणि लेखी द्यायच्या लायकीचे. ते शेवटच्या दहा मिनिटांत आले, तोवर चहा आला होता.

वाण्याचंही तसंच. “शेठ बिचारा बंद पडेल,” असं जे कळवळून सांगत होते, त्यांच्यातल्या कितीजणांचं सामान दहा मिनिटांत मोबाइलवरून येतं ते वॉचमनला विचारा. शेठ डी-मार्टला पुरून उरलाय. साखर, तेल, डाळीत त्याला फारसं सुटत नाही, तो जगतो सुकामेवा, तूप आणि सणासुदीच्या मालावर. नेमका तोच कोपरा या दुकानाने झकास सजवलाय. काजू, बदाम, अंजीर चवीला खरंच उत्तम आहेत. मी तरी फराळाचे काजू शेठकडूनच घेणार, कारण ऑर्डरीचे पैसे हातात येईपर्यंत तो वहीत लिहून ठेवतो.

बिलाच्या दोन गोष्टी. मोबाइल नंबर मागतील, देऊ नका. नंबराशिवाय बिल होतं. ग्राहकांवर नंबराची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2023 मध्ये दुकानदारांना कळवलेलं आहे. आणि पिशवी घरून न्या. यांच्याच नावाची जाहिरात छापलेली कागदी पिशवी 12 रुपयांना गळ्यात मारतात. चंदीगडच्या ग्राहक मंचाने 2019 मध्ये अशाच जाहिरातवाल्या 3 रुपयांच्या पिशवीपायी एका बूट कंपनीला 9,000 रुपये भरायला लावले होते. हे मी काउंटरवर मोठ्याने सांगितलं, तेव्हा पिशवी फुकट मिळाली. मागच्या बाईंनाही.

सह्यांचा कागद माझ्याकडेही आला. ‘दुकान बंद करावे’ ही ओळ खोडून मी ‘कुंड्या काढाव्यात, टेम्पो सकाळी सातनंतर आणावेत’ असं लिहून सही केली. सेक्रेटरींनी तोंड वाकडं केलं, पण दुसऱ्या विंगमधल्या बऱ्याच जणांनी माझ्या ओळीखाली सह्या केल्यात. मॅनेजर “हेड ऑफिसला विचारून सांगतो” म्हणालेत. तोवर बटर आणि ब्रेड इथून, भाजी गावदेवीच्या मंडईतून.